नव्या प्रोग अल्बममधली 'ती जागा': वाट बघत ऐकायचं की कोऱ्या मनानं?

सातमात्रा
२ मार्च २०२५, रात्री १०:४०

मंडळी, येत्या १४ तारखेला, म्हणजे नेमका धुळवडीच्या शुक्रवारी, स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू' येतोय. महिनाभर डोक्यात दुसरं काही नीट टिकत नाहीये, म्हणून हा धागा काढला.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे आमच्या बोलण्यातलं 'प्रोग', साठचं दशक संपता संपता इंग्लंडमध्ये रुजलं. तीन मिनिटांच्या गाण्यात जे मावत नाही ते मांडायला या लोकांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधल्या. त्यात सात, नऊ, अकरा मात्रांची चक्रं येतात. सुरुवातीला कानावरून गेलेली एखादी धून पंधरा मिनिटांनी वेगळे कपडे घालून समोर उभी राहते. विल्सन हा 'पॉर्क्युपाइन ट्री'चा गायक आणि गिटारवादक, त्या बँडचा कर्ताधर्ता. या नव्या अल्बममध्ये दोनच रचना आहेत. पहिली २३ मिनिटांची, दुसरी १८ मिनिटांची. जुन्या लाँगप्ले रेकॉर्डच्या दोन बाजूच म्हणा. विषय आहे अंतराळातून पृथ्वी बघितल्यावर अंतराळवीरांच्या मनात जी उलथापालथ होते ती. फ्रँक व्हाइट या लेखकानं १९८७ साली त्या अनुभवाला 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' हे नाव दिलं. अल्बमचं नाव तिथूनच आलंय.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या घरी रेडिओवर भावगीत लागलं की आई मेथी निवडत बसलेली असायची. गाणं चालू, हात चालू. आणि मध्येच एके ठिकाणी तिचा हात थांबायचा. गायिका ती जागा, म्हणजे सुरांची ती खास लकेर, घ्यायची, आई मान हलवायची आणि हात पुन्हा चालू. लहानपणी मला वाटायचं, जागा ऐकून हात थांबतो. पुढे नीट बघायला लागलो तेव्हा कळलं, हात जागेच्या आधी थांबतो. एक क्षण आधी.

हाच तो क्षण मला प्रोगमध्ये सापडला. डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो' महोत्सवाला आले होते. मी शेवटच्या वर्षाला होतो. बाबांनी पाचशे रुपये दिले, काही विचारलं नाही. शिवाजीनगरहून एसटीनं गेलो आणि रात्रभर जागून पहाटेच्या गाडीनं परत आलो. त्या गर्दीत एका गाण्याचा शेवटचा भाग सुरू व्हायच्या आधी आजूबाजूची अनोळखी पोरं एकदम गप्प झाली होती. सगळ्यांनाच माहीत होतं पुढे काय येणार ते. मेथीवरचे शेकडो हात एका वेळी थांबले होते.

पण ती सगळी पाठ असलेली गाणी होती. नव्या अल्बमचं काय? त्यातलं तर काहीच माहीत नसतं, तरीही माझा हात आधीच थांबतो. विल्सनच्या २०१३ च्या अल्बममध्ये 'ड्राइव्ह होम' पहिल्यांदा ऐकताना गाणं मंदावलं, मागचे तंतुवाद्यांचे सूर पसरायला लागले आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. पुढे गथ्री गोवनचा गिटार सोलो आला. तो तिथे येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१५ चा अल्बम लंडनमधल्या त्या बाईवरून सुचलेला. ती घरात वारली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणाला पत्ताही लागला नाही. ते माहीत असल्यामुळे तर मी पहिल्या सुरापासून अंग चोरूनच ऐकत होतो.

माझी एक सवय आहे. अल्बम यायच्या आधी वहीत लिहून ठेवतो की 'ती जागा' कुठे असेल. या वेळी लिहिलंय: पहिल्या रचनेचा शेवट, लांब गिटार, आणि सुरुवातीच्या धुनेचं परत येणं. तेवीस मिनिटं चालल्यावर माणूस घरी परतणारच.

तुम्ही काय धरून बसलाय? आणि हे असं आधी धरून बसावं का?

---

कर्वेनगरी
२ मार्च २०२५, रात्री ११:२५

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी विल्सनची तुमच्याइतकी चाहती नाही, ओपेथ या स्वीडिश मेटल बँडची आहे. पण हात थांबण्याचं अगदी ओळखीचं आहे.

ओपेथचं पूर्वीपासूनचं बळ हे की त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट पोटातून घुमवलेल्या राक्षसी आवाजात गात असतो आणि एका वळणावर तो आवाज गळून पडून स्वच्छ, जवळजवळ कुजबुजल्यासारखा सूर लागतो. त्या बदलाची वाट बघणं हेच माझ्यासाठी ओपेथ ऐकणं. २०१९ मध्ये ते पुण्यात 'वीकेंडर' संगीत महोत्सवाला आले, महालक्ष्मी लॉन्सवर. थंडी होती, मी दादाची शाल घेऊन गेले होते. गर्जना थांबून गिटारची एकच तार वाजायला लागली तेव्हा शेजारच्या मुलीनं न बघता माझा हात धरला. आमची आधी ओळखही नव्हती.

२००८ नंतरच्या त्यांच्या अल्बममध्ये तो राक्षसी आवाज नव्हताच. गेल्या नोव्हेंबरात २२ तारखेला 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला त्यात तो परत आला. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या अल्बममधली जागा मी ऐकायच्या आधीच ओळखली होती, नुसती गाण्यांची यादी बघून. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका घरच्या कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय, अशी कल्पना आहे. सात गाण्यांना नावंच नाहीत, फक्त कलमं: कलम एक, कलम दोन, असं सातपर्यंत. जेथ्रो टल बँडचे इयन अँडरसन मध्ये मध्ये येऊन वाचतात, बासरीही वाजवतात. आणि आठव्या, शेवटच्या गाण्याला तेवढं नाव आहे: 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. कागदपत्रं संपली, आता माणूस बोलणार, हे यादीतच लिहिलेलं होतं. आणि तसंच झालं. ते एकच गाणं शांत आहे. मला आधी कळलं होतं म्हणून माझं काही कमी झालं नाही. सातही कलमं मी त्या आठव्याकडे बघत ऐकली.

म्हणून माझं मत: धरून बसावं.

---

कोरी पाटी
३ मार्च २०२५, सकाळी ८:१०

दोघांशीही असहमत, आणि हे मी तळमळीनं लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी एका अल्बमची मी अशीच वाट बघत होतो. बँडचं नाव घेत नाही. आदल्या रात्री एका मित्रानं निरोप पाठवला: "अमुक गाणं, १९ व्या मिनिटाला रडशील." बस्स. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसलो आणि माझे डोळे फोनच्या पडद्यावर. सोळा झाली, सतरा झाली, अठरा-चाळीस. एकोणिसावं मिनिट आलं आणि गेलं. सूर सुंदर होता हे मला दिसत होतं, पण मी आत नव्हतो, दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. ते पहिलं ऐकणं मला परत मिळणार नाही. त्या गाण्यावर आज माझं प्रेम आहे, पण ते लग्न ठरवून झालेलं आहे.

तेव्हापासून मी आधी सोडलेली गाणी ऐकत नाही, परीक्षणं वाचत नाही, यादीसुद्धा बघत नाही. कर्वेनगरींचं वाचताना 'आठव्या गाण्याला' इथपर्यंत आलो आणि थांबलो, कारण तो अल्बम मी अजून ऐकलेला नाही.

वहीत लिहिणं म्हणजे स्वतःच स्वतःला तो निरोप पाठवणं नाही का?

---

कर्वेनगरी
३ मार्च २०२५, सकाळी ८:४२

कोरी पाटी, मनापासून माफ करा. आधी सावध करायला हवं होतं, माझ्या डोक्यातच आलं नाही.

---

रमणबाग
३ मार्च २०२५, दुपारी १:०५

'सातमात्रा' हे नाव बघून रूपक तालाबद्दल काही असेल म्हणून धागा उघडला. रॉक मी ऐकत नाही, पण वाचता वाचता लक्षात आलं की तुमची चर्चा आमच्याच गावची आहे. म्हणून थोडं लिहितो.

ख्यालात सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे श्रोत्याला ठाऊक असतं. ठेका समोर वाजतोय, आवर्तन ठरलेलं आहे. गवई कितीही लांब हिंडून आला तरी शेवटी मुखडा पकडून समेवर येणार. या येण्याला 'आमद' म्हणतात. मजा समेत आहे तेवढीच आमदेत आहे. तिहाई घेतली तर गवई किंवा तबलजी तीनदा सांगून येतो. पहिल्या वेळी तुम्हाला हिशोब कळतो, दुसऱ्या वेळी खात्री पटते, तिसऱ्या वेळी मान आपोआप पडते. हे गुपित नाही. गुपित असतं तर 'वाहवा' सगळ्या मंडपातून एका वेळी आली नसती.

आता रूपक. सात मात्रा, तीन-दोन-दोन. इतर तालांत सम ही टाळीची, भरीची जागा. रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर आहे. म्हणजे तुम्ही ज्या जागेची वाट बघता तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो, बोल येतात ते 'तीं तीं ना'. पावलाखालची पायरी एक बोट खाली असावी तसं होतं. मला रूपक आवडतो तो यासाठीच. तुमच्या विल्सनची सातची चक्रं तशी आहेत का, हे ऐकून सांगा.

कोरी पाटी यांना एक सांगायचंय. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे. रमणबागेत रात्र रात्र चालायचा त्या काळापासून मी जातोय, पुढे तो मुकुंदनगरला गेला तिथेही गेलो. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती लावणार हे प्रत्येकाला माहीत असतं, सूर न् सूर पाठ असतो. आवाज जुना, खरखर भरपूर. लोक शाली गुंडाळून, सतरंजीची घडी हातात धरून उभे असतात. आणि दरवर्षी माझ्या डोळ्यांत पाणी येतं, ते मुद्रिका सुरू होण्याच्या आधी, ती खरखर ऐकू येते तेव्हा.

तुमच्या मित्रानं तुम्हाला सम सांगितली नाही. त्यानं घड्याळातली वेळ सांगितली. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

---

सातमात्रा
३ मार्च २०२५, दुपारी २:३०

काका, तुमचा प्रतिसाद उतरवून ठेवलाय. 'सम सांगितली नाही, वेळ सांगितली' हे मला पंधरा वर्षांत नीट शब्दांत मांडता आलं नव्हतं.

कोरी पाटी, तुमची तक्रार रास्त आहे. या धाग्यापुरता एक नियम करू: अल्बम आल्यावर आठवडाभर कुणीही मिनिट-सेकंद लिहायचे नाहीत. जागेबद्दल बोला, पत्ता देऊ नका.

---

कोरी पाटी
३ मार्च २०२५, दुपारी ३:००

मान्य. आणि रमणबाग काका, विचार करतोय.

---

चेतातंतू
४ मार्च २०२५, रात्री ९:५०

एमएस्सीला असताना या विषयावर सेमिनार दिला होता, त्यातलं आठवतं ते लिहिते.

२०११ साली माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आला. ज्यांच्या अंगावर संगीत ऐकताना हमखास काटा येतो अशी माणसं निवडली आणि त्यांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं. मेंदूत डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, कुठे आणि कधी सुटतं हे दोन प्रकारचे स्कॅन करून बघितलं. निघालं असं की काटा येतो त्या क्षणी न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या भागात डोपामिन सुटतं, पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसती वाट बघत असताना, कॉडेट नावाच्या दुसऱ्याच भागात ते सुटलेलं असतं. म्हणजे वाट बघणं ही आनंदाची नुसती पायरी नाही, मेंदूत त्याची स्वतंत्र खोली आहे. सातमात्रा, तुमच्या आईचा हात थांबायचा तो या खोलीमुळे, असं म्हणायला हरकत नाही.

पण ते ओळखीचं संगीत होतं. नव्याचं काय, हा तुमचा प्रश्न उरतोच. संगीताच्या मानसशास्त्रात अपेक्षेचे दोन प्रकार मानतात. मी माझ्या शब्दांत सांगते: एक चिजेची, म्हणजे त्या रचनेची, ओळख आणि एक घराण्याची, म्हणजे त्या शैलीची, ओळख. चीज पाठ असली की पुढचा सूर माहीत असतो. चीज नवी असली तरी घराणं माहीत असेल तर आता काय होऊ शकतं याचा अंदाज कानाला असतोच. वर्षानुवर्षं ऐकून कानानं तो हिशोब गोळा केलेला असतो, तो पुसता येत नाही. त्यामुळे कोरी पाटी, पाटी पूर्ण कोरी राहणं शक्य नाही असं मला वाटतं. तुम्ही यादी बघितली नाहीत तरी वीस वर्षांचं ऐकणं पाटीवर लिहिलेलं आहेच. मित्राचा निरोप तेवढा आपण पुसू शकतो.

अजून एक. जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९१ साली लोकांना विचारलं होतं की नेमक्या कुठल्या सुरांना डोळ्यांत पाणी येतं. सगळ्यात जास्त उत्तरं निघाली ती अशा ठिकाणांची, जिथे मुख्य सुराच्या शेजारच्या सुरावर गाणं क्षणभर रेंगाळतं आणि मग मूळ सुरावर उतरतं. काटा येतो तो मात्र स्वरसंगती अचानक बदलली की. रडू आणि काटा यांच्या जागा वेगळ्या आहेत. हे कळल्यापासून मी दोन्ही वेगवेगळं टिपायला लागले.

---

खोडदचा रस्ता
५ मार्च २०२५, पहाटे ५:४०

नारायणगावजवळ राहतो, शेती आणि शिकवण्या. विल्सनचा श्रोता २०११ पासून. गावात दुसरा कुणी नाही, त्यामुळे हा धागा रात्री तीनदा वाचला.

विषयाबद्दल लिहितो, कारण तो माझ्या दारातला आहे. आमच्या खोडदला जीएमआरटी आहे, रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली असते. परवाच मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे मोबाईल बंद करायला लावतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळ चालू असलेला एक फोनही त्यांच्यापुढे आरडाओरडा ठरतो. मी मुलांना सांगितलं की ही तबकडी या घडीला जे ऐकतेय ते आपल्या पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हा निघालेलं असू शकतं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मग सर, ते ज्यांनी पाठवलं ते वाट बघत असतील का?" कुणी पाठवलेलं नाही, ताऱ्यांचं आणि वायूंचं नुसतं उत्सर्जन आहे, हे मी समजावून सांगितलं. पण परतताना जीपमध्ये तिचंच वाक्य डोक्यात होतं.

म्हणून माझा अंदाज तुमच्यापेक्षा वेगळा आहे. अंतर दाखवायचं असेल तर संगीताकडे एकच खरं साधन आहे, ते म्हणजे रिकामी जागा. गिटारचा सोलो माणसाचा असतो, तो इथला. मी वाट बघतोय ती शेवटाची, जिथे ताल सुटून जाईल आणि नुसता सूर तरंगत राहील. रमणबाग काकांच्या भाषेत, 'खाली'वरच्या समेची.

---

रमणबाग
५ मार्च २०२५, सकाळी ७:१५

सर, त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

१३ च्या रात्री ऐकायचं कसं, ते कुणीतरी मला सांगा. नात सुट्टीला आली आहे, तिच्याकडून लावून घेईन.

---

सातमात्रा
१४ मार्च २०२५, रात्री १:२०

पहिली रचना ऐकून झाली. दुसरी लावलेली नाही.

संध्याकाळी सोसायटीत होळी पेटली. पुरणपोळी खाल्ली, जेवणं उरकली, सगळे झोपले. बाराच्या ठोक्याला फोनवर अल्बम दिसायला लागला. गॅलरीत हेडफोन लावून बसलो. खाली होळीची राख अजून धुगधुगत होती, वॉचमनकाका काठीनं सारखी करत होते.

नियम पाळून लिहितो. सुरुवात एका उंच, जवळजवळ मोडेल अशा बारीक आवाजात आहे. माझ्या वहीतलं भाकीत खरं ठरलं: शेवटी लांब गिटार आहे. वाजवलीय रँडी मॅकस्टीननं. ती चढत चढत जाते आणि मी आधीच सरळ होऊन बसलो होतो. काटा आला. सुंदर आहे, पुन्हा पुन्हा ऐकेन.

पण जागा ती नव्हती.

मध्येच एक भाग आहे, त्याचे शब्द विल्सनचे नाहीत, एक्सटीसी बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत. चाल हलकी, चालतं-बोलतं गाणं. मी तिथे हात चालू ठेवून, खालची राख बघत ऐकत होतो. इथे साध्या रस्त्यावरची साधी माणसं आणि तिकडे आकाशातल्या प्रचंड घडामोडी, असं एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवलंय. त्यात एक गाडी आहे. ती नेहमीच्या जागी उभी नाही. आत बसलेला माणूस थकलेल्या हप्त्यांपायी रडतोय. आणि त्याच वेळी दूर कुठल्या दीर्घिकेत एक सूर्य नाहीसा होतो, तो कुणालाच ऐकू येत नाही.

२००९ च्या डिसेंबरात बाबांकडे छोटा हत्ती होता. धनकवडीतल्या आमच्या बोळात, जिन्यासमोर लावायचे. एका सकाळी दूध आणायला गेलो तर गाडी तिथे नव्हती. वाटलं, भाड्यावर गेले. डेअरीवरून येताना पाण्याच्या टाकीच्या मागच्या अंगाला ती उभी दिसली. बाबा आत होते. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोकं हातांवर. डॅशबोर्डवरच्या गणपतीला आदल्या दिवशीचा हार तसाच होता, सुकलेला, आणि बाबा तो कधीच तसा राहू द्यायचे नाहीत. फायनान्सवाल्यांची दोन माणसं त्या आठवड्यात घरी येऊन गेली होती. मी पिशवी छातीशी धरली आणि दुसऱ्या बोळानं घरी गेलो. कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर आठच दिवसांनी मी मुंबईला जातो म्हणालो आणि त्यांनी खिशातून पाचशे काढून दिले.

या वेळी हात आधी थांबला नाही. ओळ निघून गेली, पुढची सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की मला समोरचं काही दिसत नाहीये.

---

कर्वेनगरी
१४ मार्च २०२५, रात्री १:५५

जागी आहे. वाचलं. एवढंच लिहिते.

---

कोरी पाटी
१४ मार्च २०२५, सकाळी ११:३०

मुलं खाली रंग खेळतायत, मी दार लावून दोनदा ऐकलं. सातमात्रांचा प्रतिसाद ऐकून झाल्यावरच उघडला.

मला वाटलं होतं तुमचं वाचून मी म्हणेन, 'बघा, न धरता ऐकलेलंच लागतं.' पण तसं म्हणवत नाही. तुम्ही शेवटच्या गिटारकडे डोळे लावून बसला होतात म्हणून मधल्या भागात बेसावध होतात. वही नसती तर कदाचित तिथेही सावध असता. चेतातंतू, तुमची ती दुसरी खोली दुसरीकडे गुंतलेली असताना हे दार उघडलं, असं होतं का हो?

मला लागलं ते याहून साधं. तो मधला भाग संपून गाणं गडद व्हायला लागतं तिथे. कारण सांगता येत नाही, अजून शोधतोय.

---

चेतातंतू
१४ मार्च २०२५, दुपारी ४:१५

कोरी पाटी, त्याला नाव देईल असा प्रयोग मला माहीत नाही. पण चाल हलकी ठेवून शब्द जड ठेवायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या ओव्यांत आहे. जात्यावर बायका दुःख सांगायच्या ते एका संथ, रोजच्या चालीत. हात चालूच असायचे. रडवायला बसलेली चाल असती तर ऐकणारा आधीच सावरून बसला असता.

माझं रडू आणि माझा काटा वेगवेगळ्या बाजूंना निघाले. आठवडा झाला की नकाशा काढून देईन.

---

रमणबाग
१५ मार्च २०२५, सकाळी १०:२०

नातीनं दोन्ही बाजू ऐकवल्या. पहिल्यांदा कानाला पुष्कळ वाटलं. ड्रम माझ्यासाठी फार मोठे आहेत. बऱ्याच ठिकाणी मी बोटांवर मात्रा धरायला गेलो आणि सुटलो. एकदा धरली ती नीट समेवर आली, तेव्हा नात माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला एक बाई शांतपणे काहीतरी वाचते, मागे यंत्राचा ठेका. नातीनं अर्थ सांगितला. ग्रहांची, ताऱ्यांची नावं आहेत आणि दर वेळी माप दसपटींनी वाढत जातं. आवाज विल्सनच्या पत्नीचा आहे म्हणाली. मला ते फार आवडलं. ती कुठेही आवाज चढवत नाही. आकडा वाढतो, आवाज तेवढाच राहतो. विलंबितात आवर्तन मोठं होत जातं आणि गवई घाई करत नाही, तसं.

सातमात्रा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

सातमात्रा
१६ मार्च २०२५, रात्री ९:०५

सांगितला, काका. कोण म्हणून विचारलं, मी म्हटलं रमणबागेतले एक श्रोते. ते म्हणाले, "मीही एकदा बाहेर गाडी लावून ऐकलंय. सामान सोडायला गेलो होतो मंडपाचं. भिंतीबाहेर स्पष्ट ऐकू यायचं."

हे मला माहीत नव्हतं.

जेवताना मी विचारलं, छोट्या हत्तीचे हप्ते कधी फिटले होते. ते म्हणाले, "अकरा साली, जुलैत. पावती आहे कपाटात." मग ताकाला मीठ कमी आहे म्हणाले. टाकीमागे गाडी का लावली होती ते मी विचारलं नाही.

दुसरी बाजू अजून ऐकलेली नाही. पहिलीच पुन्हा पुन्हा लावतोय, आणि त्या ओळीच्या आधी आता हात थांबायला लागलाय.

---

खोडदचा रस्ता
१७ मार्च २०२५, पहाटे ५:५०

सातमात्रा, दुसरी बाजू रात्री ऐकू नका. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आधी ऐका. मी काल मोटर चालू करायला रानात गेलो होतो, पाटाला पाणी येईपर्यंत बांधावर बसून ऐकली. माझं भाकीत काय झालं ते आत्ता लिहीत नाही. संपलं असं वाटेल तिथे लगेच हेडफोन काढू नका, एवढंच सांगतो. मिनिट सांगत नाही.